पाटी फोडणारा ब्रूस ली

ब्रूस ली हे नाव घेतले की तरुणांच्या डोळ्यांपुढे पिळदार देह, हातातील नानचाकू आणि विजेसारखी लाथ उभी राहते. सलूनच्या भिंतीवर त्याचे चित्र लावणाऱ्या पिढ्या बदलल्या, चित्र मात्र उतरले नाही. २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा तो अवघा ३२ वर्षांचा होता. कुंगफूचा नायक म्हणून त्याचे पुरे झालेले चित्रपट केवळ चार. मग पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही कष्टकरी माणसाला तो आपला का वाटतो? याचे उत्तर आम्हाला त्याच्या लाथेपेक्षा त्याच्या जीवनात अधिक सापडते.

वेटर आणि विद्यार्थी

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात झाला. त्याचे वडील कँटोनीज संगीत नाटकातील नट होते व दौऱ्यानिमित्त तेथे गेले होते. बालपण हाँगकाँगला गेले. तेथे त्याने बालनट म्हणून कामे केली आणि इप मान या गुरूंकडे 'विंग चुन' ही युद्धकला शिकली. १९५९ साली तो एकटाच अमेरिकेत परतला. खिशात १०० डॉलर होते. सिएटलमध्ये त्याने चिनी हॉटेलात वेटरचे काम केले, पण शिक्षण सोडले नाही. १९६१ साली त्याने वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला व तेथे तत्त्वज्ञानाचाही अभ्यास केला.

आपली विद्या परक्याला द्यायची नाही, असे मानणारे कुंगफूचे गुरू तेव्हा होते. ब्रूस लीने ते मानले नाही. अमेरिकेतील त्याचा पहिला शिष्य जेसी ग्लोव्हर हा कृष्णवर्णीय होता. काळा, गोरा, पिवळा असा भेद न करता तो सर्वांना शिकवीत असे. विद्येवर मक्तेदारी सांगणाऱ्यांचा अनुभव घेतलेल्या आपल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको. १९६४ साली त्याने लिंडा एमरी या गोऱ्या तरुणीशी विवाह केला. अमेरिकेच्या अनेक राज्यांत अशा विवाहांना त्या वेळी कायद्याने बंदी होती!

पडद्यावरचा कामगार

हॉलिवूडने त्याला 'द ग्रीन हॉर्नेट' या १९६६-६७ च्या मालिकेत गोऱ्या नायकाच्या मोटारचालकाची भूमिका दिली. नायकाची दिली नाही. १९७० मध्ये व्यायाम करताना त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. अंथरुणावर पडून त्याने वाचन केले, वह्याच्या वह्या लिहून काढल्या आणि तो पुन्हा उभा राहिला. त्यानंतर तो हाँगकाँगच्या चित्रपटांकडे वळला.

त्या चित्रपटांतील नायक कोण आहेत ते पाहा. 'द बिग बॉस' (१९७१) मध्ये तो थायलंडच्या बर्फ कारखान्यातील स्थलांतरित मजूर आहे. मारामारी न करण्याचा शब्द त्याने आईला दिलेला असतो. मालकाच्या काळ्या धंद्याविषयी विचारणारे मजूर एकेक करून नाहीसे होतात, तेव्हाच त्याचा हात उठतो. 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) त्याने स्वतः लिहिला व दिग्दर्शित केला. त्यात रोममधील चिनी हॉटेलातील नोकरमाणसांना तो गुंडांपासून वाचवतो.

परंतु आपल्या काळजाला भिडतो तो 'फिस्ट ऑफ फ्युरी' (१९७२). स्थळ शांघाय. बागेच्या दारावर पाटी : कुत्र्यांना आणि चिन्यांना प्रवेश नाही. इंग्रजांच्या चाकरीतला शीख पहारेकरी त्याला अडवतो. त्याच वेळी एक परदेशी बाई कुत्रा घेऊन आत जाते. कुत्र्यासारखा रांगत आलास तर तुलाही आत नेतो, असे एक जपानी माणूस म्हणतो. ब्रूस ली त्याला लोळवतो, पाटी हवेत उडवतो आणि लाथेने तिचे तुकडे करतो. ज्यांच्या पूर्वजांना पाणवठ्यावर मज्जाव होता, पण जनावरांना नव्हता, त्यांना हे दृश्य कुणी समजावून सांगावे लागत नाही.

मात्र एक गोष्ट तरुणांनी ध्यानात घ्यावी. पडद्यावर पाटी एका लाथेत फुटते. प्रत्यक्षात शांघायची ती बाग चिनी जनतेला १९२८ मध्ये खुली झाली, ती दीर्घकाळच्या मागणीनंतर. महाडला बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या दिवशी सत्याग्रहींवर हल्ले झाले, तरी त्यांनी उलट हात उगारला नाही. तळ्यावरील हक्काचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागला १९३७ साली. दहा वर्षे! चित्रपटातला नायक शेवटी बंदुकांपुढे झेप घेतो. आपल्या लढ्याने माणसे जगवली आणि हक्कही मिळवला.

मृत्यू आणि अफवा

हॉलिवूडच्या सहकार्याने निघालेला 'एंटर द ड्रॅगन' त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभराने प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला. मृत्यूचे कारण मेंदूला आलेली सूज हे होते. तरी लोकांनी शाप, विषप्रयोग अशा कंड्या पिकवल्या. १९९३ साली मुलगा ब्रँडन चित्रीकरणात बंदुकीच्या अपघाताने गेला, तेव्हा त्या शापाला पुन्हा पालवी फुटली. वास्तविक त्या नकली म्हणवल्या जाणाऱ्या बंदुकीत खऱ्या गोळीचा तुकडा अडकून राहिला होता. तो निष्काळजीपणा होता. आपण अशा भाकडकथांना थारा देऊ नये.

त्याचा वारसा

'फिस्ट ऑफ फ्युरी'त किरकोळ कामे करणारा जॅकी चॅन पुढे स्वतः मोठा नट झाला. ब्रूस लीच्या 'जीत कुन डो' या पद्धतीचे सूत्र असे, की उपयोगी ते घ्यावे, निरुपयोगी टाकावे. केवळ परंपरेने आले म्हणून मानू नका, अनुभवाने पारखा, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश आम्हाला येथे आठवतो. ब्रूस ली स्वतःला कोणत्याच धर्माचा म्हणवीत नसे, पण बौद्ध विचार त्याने वाचला होता. त्याच्या घरी मोठा ग्रंथसंग्रह होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या मुलांनी, आणि मुलींनीही, कराटे अवश्य शिकावे. निर्व्यसनी, काटक शरीर ही गरिबाची ठेव आहे. ब्रूस लीचे चित्र भिंतीवर जरूर लावावे. त्याच भिंतीला पुस्तकांची एक फळीही ठोकावी, म्हणजे तो माणूस पुरता घरात आला असे आम्ही म्हणू.