वास चालतो की वाहतो?

उदबत्तीचा वास खोलीभर कसा पसरतो, असं नववीच्या वर्गात विचारलं की एका सुरात उत्तर येतं, "विसरणामुळे, बाई!" उत्तराला गुण मिळतात. पण मी खडू पुढे करते आणि म्हणते, आता किती वेळ लागेल तेही काढा.

त्याआधी टेबलावर एक संत्रं सोलते. सालीतल्या तेलात मुख्य घटक लिमोनीन. त्याचे रेणू एकमेकांना सैल धरतात, म्हणून साध्या तापमानालाही हवेत निसटतात. हे बाष्पीभवन. चंदनाच्या तेलातले रेणू जड, एकमेकांना घट्ट धरणारे. त्यामुळे संत्र्याचा वास लवकर उडून जातो आणि चंदनाचा रेंगाळतो. कापूर तर न वितळताच हवेत जातो. उघडी राहिलेली वडी झिजते ती त्यामुळेच.

हवेतला लिमोनीनचा रेणू सेकंदाला दोनशे मीटरहून जास्त वेगाने पळतो. मग वास मागच्या बाकावर तत्क्षणी का पोचत नाही? वायूंच्या रेणूंबद्दल हीच शंका डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलॉट यांनी काढली होती. रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८५८ साली तिचं उत्तर दिलं: रेणू वेगवान खरा, पण सरळ जाऊच शकत नाही. मिलिमीटरचा दहा हजारावा भागही पुरा होण्याआधी तो हवेच्या रेणूवर आपटतो आणि दिशा बदलतो. आषाढीला पंढरपुरात महाद्वाराकडे धावू पाहणाऱ्या माणसासारखी त्याची गत.

अशा धक्काबुक्कीतून पसरणं म्हणजे विसरण. त्यात दहापट अंतराला शंभरपट वेळ लागतो. फळ्यावरचा ढोबळ हिशेब असा: एक मिलिमीटर जायला सेकंदाचा दहावा भागही पुष्कळ. दहा सेंटिमीटरला पंधराएक मिनिटं. एक मीटरला जवळजवळ एक दिवस! तोवर मागच्या बाकावरची पोरं संत्र्याची फोड मागू लागलेली असतात.

म्हणजे लांबचा पल्ला वारा गाठून देतो. पंखा बंद असला तरी आमच्या वर्गाचा पत्रा तापलेला असतो, चाळीस पोरांच्या अंगाची ऊब असते, हवा हलतच राहते. वास आला की हात वर करायला सांगितलं, तर हात ओळीने वर येत नाहीत. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर आधी, समोरच्या पहिल्यावर नंतर. विसरणाचं काम दोन टोकांना: सालीलगतच्या पातळ थरातून रेणू बाहेर काढायचा आणि नाकातल्या ओलाव्यापर्यंत न्यायचा.

हे घरीही उपयोगी पडतं. सिलिंडरमधल्या स्वयंपाकाच्या गॅसला जवळजवळ वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. आपोआप विरेल म्हणून वाट पाहू नका. विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा आणि बाहेर पडा.