वऱ्हाडातील घरची शेती आणि घरची गोधडी

1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी जमाबंदी, म्हणजे शेतांची मोजणी करून खातेदाराकडून थेट सारा वसूल करण्याची पद्धत, लागू झाल्यावर अमरावती-अकोल्याकडील कास्तकाराच्या वावराला कागदोपत्री इतिहास लाभला. त्याच घरातील गोधड्यांची नोंद मात्र कोणत्याही दप्तराने ठेवली नाही. त्यांचा मागोवा कापडावरूनच घ्यावा लागतो.

अमेरिकेतील यादवी युद्धाने (1861–65) कापसाला अवाच्या सवा भाव आला, 1867 मध्ये मुंबईहून नागपूरला जाणारा लोहमार्ग पुरा झाला आणि वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने लिव्हरपूलच्या बाजारात विकला जाऊ लागला. त्यापूर्वी वेचलेला कापूस घरोघरी रेच्यावर, म्हणजे दोन लाटांच्या हातयंत्रावर, सरकी वेगळी करून रुईत बदलला जाई आणि पिंजारी धुनकीच्या तातीने ती रुई पिंजून गाद्या भरून देई. वाफेवर चालणारे जिन-प्रेस आल्यावर कापूस बोंडातून निघाला की गाडीत भरून जिनात जाऊ लागला. 1896–97 आणि 1899–1900 च्या दुष्काळांत तर ज्वारीऐवजी कापसावर विसंबण्याची किंमत गावोगाव मोजावी लागली.

ज्या घरातून गाड्या भरून कापूस बाहेर गेला, त्या घराचे पांघरूण जुनेराचे असे, ही विसंगती लक्षात घेतल्याशिवाय गोधडीतील काटकसरीचे कौतुक करणे उथळपणाचे ठरेल. नऊवारी लुगडे मध्यभागी विरले की तेवढा भाग कापून धडकी टोके जोडत, यास दंड घालणे म्हणत. तेही नेसण्याजोगे राहिले नाही की त्याच्या घड्या, आत विरलेल्या धोतरांचे थर आणि कडेला लुगड्याचा चिवट काठ अशी मांडणी जमिनीवर पसरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, धावदोरा घातला जाई. वरचे अस्तर फाटले की त्यावर नवे चढे. त्यामुळे जुन्या गोधडीच्या उसवलेल्या कडेत सासू आणि आजेसासू या दोघींची लुगडी एकाखाली एक सापडू शकतात.

स्वातंत्र्योत्तर काळात बदल झाला तो तंतूत. 1969 मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या, पापळच्या पंजाबराव देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाने संकरित वाणांवरही काम केले. 2002 नंतर बीटी कापूस आला. आखूड धाग्याचा, भरड देशी कापूस उन्हात टाकला की पुन्हा फुगतो, म्हणून गादीला तोच उत्तम. या नव्या वाणांचा लांब धाग्याचा कापूस सुताला सरस असला तरी गादीत लवकर दबतो. लुगड्यांच्या जागी आलेल्या पॉलिस्टरच्या साड्या तर सुईखाली घसरतात आणि घाम टिपत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गोधडीला जुनी ऊब नाही.

वाटण्यांत वावराचे तुकडे मुलांकडे गेले, तर आईच्या मऊ झालेल्या लुगड्याची दुपटी आणि गोधड्या लेकीच्या बाळंतपणानिमित्त सासरी जात राहिल्या. हिंदू वारसा कायद्यातील 1994 च्या महाराष्ट्रापुरत्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांबरोबरीचा वाटा दिला खरा, परंतु तेव्हा लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले होते. आणि ज्यांना तो मिळाला त्यांपैकीही अनेकींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त, करून दिल्याने सातबाऱ्यावरील त्यांची नावे पुन्हा कमी झाली.