भाटातली माडी
वाइन म्हटली की मुंबईकर नाशिककडे बघतो. १९९९ मध्ये राजीव सामंतांनी सुला सुरू केली, तेव्हापासून तर जास्तच. पण गिरगावाची स्वतःची वाइन होती, माडी, आणि तिची बाग उभी होती. मुगभाट, बोरभाट ही नावे आपण पत्त्यापुरती घेतो. भाट म्हणजे बाग. गोव्यात माडांच्या बागेला अजून भाटच म्हणतात. मुगभाटात मूग असतीलही, पण माहीमपर्यंतच्या किनाऱ्यावर राज्य माडांचे होते आणि माडांवर माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचे.

भंडारी कोयता आणि मडके घेऊन सरसर वर जायचा. न उमललेली पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, दोरीने आवळायची, हलक्या हाताने ठोकून मऊ करायची, शेंडा छाटायचा आणि खाली मडके अडकवायचे. मग रोज चढून पातळ चकती काढायची, कारण जखम सुकली की रस थांबतो. त्या पोयीला नारळ धरत नाही, एवढी किंमत मात्र मोजावी लागे. आंबवणारे यीस्टही हवेतलेच. पहाटेचा गोड रस दुपारपर्यंत फेसाळतो आणि दुसऱ्या दिवशी सिरक्याच्या वाटेला लागतो. ही दारू मुरवून ठेवता येत नाही, लांब पाठवता येत नाही. शौकिनाला माडाजवळच बिऱ्हाड करावे लागे!

मुंबई बेट खंडाने घेतलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात हिला 'सूर' म्हटले. गोव्यात तो शब्द आजही चालतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिश्चनांचे फुगे, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, तेही हिच्यावरच फुगत. आता पाकिटातले यीस्ट आले, आणि फुग्यांची ती आंबूस चव गेली, असे माझे मत.

माडी पिणाऱ्यांनी बुडवली नाही. १८७८ च्या अबकारी कायद्याने भंडाऱ्याला कर आणि परवान्याच्या कात्रीत धरले, चाळींनी भाटे गिळली, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने उरलेसुरले आवरले. तोवर समाज माडावरून उतरून शाळा-कचेऱ्यांत गेला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ चा ठराव मांडणारे सीताराम केशव बोले भंडारीच. दादरच्या एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

मडक्याला आतून चुना फासला की रस आंबत नाही, ती नीरा. दारूबंदीनंतर सरकारला तीच चालली आणि स्टेशनांबाहेर तिचे स्टॉल लागले. ग्लास हातात आला की लगेच प्यावा. गप्पांत वेळ गेला तर नीरेला आपली जुनी सवय आठवते.