मुद्देमाल आणि पंचनामा

एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेत गोल्फ क्लबांचा एक संच ५१ लाख ५६ हजार डॉलरना विकला गेला. टायगर वूड्सने २०००ची अमेरिकन ओपन, ब्रिटिश ओपन व पीजीए आणि २००१ची मास्टर्स अशा चार मोठ्या स्पर्धा ओळीने जिंकल्या, तेव्हा वापरलेली ही आयर्न आणि दोन वेज, असे लिलावगृहाने जाहीर केले होते. त्याआधी २००७ साली न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात एक लाकडी पटर १ लाख ८१ हजार डॉलरना गेला होता आणि तो त्या वेळचा विक्रम ठरला होता. स्कॉटलंडमधल्या लीथचा कारागीर अँड्र्यू डिक्सन याने तो घडवला, असे मानले जाते. दुर्मीळतेच्या नेहमीच्या हिशोबाने पाहिले, तर या दोन किमतींची अदलाबदल व्हायला हवी होती. डिक्सनचा पटर कित्येक पिढ्यांपूर्वीचा, हाताने तासलेला. वूड्सचे क्लब जेमतेम बावीस वर्षांचे, आधुनिक कारखान्यात बनलेले. तरीही भाव जवळपास अठ्ठावीस पट. याचे कारण एवढेच, की स्पर्धेत खेळलेला क्लब विकत घेणारा माणूस लोखंड किंवा लाकूड घेत नसतो. ‘त्या दिवशी, त्या मैदानावर, त्या हातात मी होतो’ ही क्लबची साक्ष तो घेत असतो. तसे असेल, तर अशा क्लबला न्यायालयातल्या मुद्देमालाचे नियम लागू व्हायला हवेत. वस्तू मिळाली तशी ठेवायची आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा पंचनामा सोबत ठेवायचा. हा छंद पैशाच्या दृष्टीने इतका मोठा झाला असताना या दोन गोष्टींकडे अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे माझे मत आहे.

पहिली शंका इथेच येते. क्लब म्हणजे दांडा आणि पाते. त्यातून खेळाडूबद्दल असे काय कळणार? पण बरेच काही कळते. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात दांडे हिकरीच्या लाकडाचे असत आणि लाकडाचे दोन दांडे कधीच अगदी सारखे नसत. चांगला खेळाडू शेकडो क्लब हातात घेऊन, झुलवून, त्यातून आपला संच जमवत असे. बॉबी जोन्सने १९३० साली ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ओपन व अ‍ॅमॅच्युअर अशा चारही स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीच्या दांड्यांवर. पुढे त्याचे क्लब तपासले गेले, तेव्हा नुसत्या हाताच्या अंदाजाने निवडलेला तो संच वजनाच्या तोलात एकमेकांशी जुळणारा निघाला. न जुळणारा एकच क्लब होता, मॅशी-निब्लिक, आणि नेमक्या त्याच क्लबने जोन्सला कायम त्रास दिला होता. ही गोष्ट कोणत्याही आत्मचरित्राने इतक्या खात्रीने सांगितली नसती. नियमांचा इतिहासही असाच क्लबांत साठलेला आहे. वाळूतून चेंडू काढण्यासाठी जोन्सने त्या वर्षी इंग्लंडमधल्या हॉयलेकला वापरलेला खोलगट तोंडाचा वेज १९३१मध्ये बेकायदा ठरला. तो क्लब समोर ठेवल्याशिवाय बंदी का आली ते नीट समजत नाही, कारण चेंडू जणू त्या खळग्यात झेलला जातो.

साक्षीचा सर्वांत बोलका नमुना मात्र बेन होगनच्या वन-आयर्नचा आहे. फेब्रुवारी १९४९मध्ये टेक्ससमध्ये होगनच्या मोटारीवर समोरून बस आदळली. तो पुन्हा चालेल की नाही, याचीच डॉक्टरांना शंका होती. सोळा महिन्यांनी, जून १९५०मध्ये, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन मैदानावर तो अमेरिकन ओपन खेळत होता. त्या काळी शेवटच्या दिवशी छत्तीस होल खेळावे लागत; बँडेज गुंडाळलेल्या पायांनी तो ते अंतर चालला. अठराव्या होलवर बरोबरी साधायला पार हवा होता आणि हिरवळ दोनशे यार्डांहून दूर होती. अमेरिकेत १९३८पासून पिशवीत चौदाच क्लब ठेवायची मुभा असल्याने होगनने सेव्हन-आयर्न बाहेर काढून वन-आयर्न आत घेतले होते. त्याच क्लबने त्याने चेंडू हिरवळीवर पोचवला. फटका पूर्ण झाल्यावरचा त्याचा पाठमोरा आकार हाय पेस्किनने टिपला आणि ते छायाचित्र गोल्फच्या इतिहासातले बहुधा सर्वांत ओळखीचे छायाचित्र ठरले. दुसऱ्या दिवशी लॉइड मँग्रम आणि जॉर्ज फाझिओ यांच्याविरुद्धच्या प्लेऑफमध्ये ६९ फटके घेऊन होगन जिंकला, पण तोपर्यंत ते वन-आयर्न चोरीला गेले होते.

तीसहून अधिक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. मग जुन्या क्लबांच्या एका संग्राहकाच्या हाती मॅकग्रेगर कंपनीचे एक वन-आयर्न आले. त्याच्या पात्यावर छोट्या नाण्याएवढी एकच जागा झिजलेली होती. या प्रकारच्या क्लबने चेंडू नेमका मारणे चांगल्या खेळाडूंनाही जड जाते. सामान्य खेळाडूच्या वन-आयर्नवरचे ओरखडे पातेभर विखुरलेले असतात. एकाच ठिकाणी पडलेल्या त्या झिजेने संग्राहकाला संशय आला. व्यावसायिक खेळाडू लॅनी वॉडकिन्समार्फत क्लब होगनपर्यंत पोचला, त्याने तो आपलाच असल्याचे ओळखले आणि नंतर तो अमेरिकन गोल्फ संघटनेच्या संग्रहालयात गेला. मधल्या एखाद्या मालकाने हौसेने पाते घासून लखलखीत केले असते, तर काय झाले असते? तो ठिपका गेला असता आणि त्याबरोबर क्लबची ओळखही. जुन्या बाजारात क्लब अजूनही ‘चकाचक करून’ दिले जातात. मला ते सरळ सरळ पुरावा नष्ट करणे वाटते.

यावर कोणी म्हणेल, की जोन्सचा प्रसिद्ध पटर ‘कॅलॅमिटी जेन’ तरी कुठे अस्पर्श राहिला? तो गंज घालवण्यासाठी वारंवार घासला जाई, त्याने पात्याचा तोल बिघडला आणि म्हणूनच जोन्सला तसाच दुसरा पटर करून घ्यावा लागला. आक्षेप बरोबर आहे, पण त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. खेळणाऱ्याने घासलेला क्लब त्याच्या कारकिर्दीचा भाग आहे. पहिला पटर का बाजूला पडला, हे त्या घासलेल्या पात्यावरूनच कळते. संग्राहकाने नंतर घासलेल्या क्लबवर मात्र संग्राहकाचीच खूण उरते. कॅलॅमिटी जेनची कहाणी दुसरीही एक गोष्ट शिकवते. तिच्या तडकलेल्या दांड्यावर तीन ठिकाणी दोरा गुंडाळलेला होता. स्पॉल्डिंग कंपनीने पुढे या पटरच्या प्रतिकृती विकल्या, तेव्हा त्या न तडकलेल्या दांड्यांवरही तीन काळे पट्टे दिले. म्हणजे जखमेचीसुद्धा नक्कल होते. नुसत्या खुणांवर विसंबून चालत नाही. खुणांना कागदाची जोड लागते. मूळ पटर ऑगस्टा नॅशनल क्लबमध्ये आहे आणि दुसरा अमेरिकन गोल्फ संघटनेकडे. दोन्हींचा प्रवास नोंदलेला असल्यानेच त्यांच्याबद्दल वाद होत नाही.

वूड्सच्या संचाबद्दल मात्र असा वाद झाला. हाच संच २०१०मध्ये ५७,२४२ डॉलरना विकला गेला होता. तो आपल्याला खुद्द वूड्सकडून मिळाल्याचे टायटलिस्ट या क्लब बनवणाऱ्या कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितले आणि खोटे पकडणाऱ्या यंत्राची चाचणीही दिली. उलट खरे क्लब आपल्याकडेच असल्याचे वूड्सच्या बाजूने सांगण्यात आले. बाजाराने २०२२मध्ये आपला कौल दिला, पण बाजाराचा कौल म्हणजे इतिहासाचा निकाल नव्हे. क्लब हातातून सुटला त्याच आठवड्यात दोन ओळींची सही केलेली चिठ्ठी, पात्यांची आणि ग्रिपची जवळून घेतलेली छायाचित्रे एवढे झाले असते, तर यंत्राची चाचणी देण्याची पाळी कोणावर आली नसती.

किमती इतक्या वाढल्यामुळे हा श्रीमंतांचा खेळ झाला असून असे क्लब संग्रहालयांतच असावेत, असे पुष्कळांना वाटते. भावना समजण्यासारखी आहे. पण होगनचा क्लब शोधून काढला तो संस्थेने नव्हे; झिजेचा अर्थ ओळखणाऱ्या एका खासगी संग्राहकाने. अमेरिकेत १९७०मध्ये गोल्फ कलेक्टर्स सोसायटी स्थापन झाली, तेव्हा या वस्तूंना आजच्यासारखा भाव नव्हता. माहितीची देवाणघेवाण हाच तिचा आधार होता. पैसा आला तशी ती देवाणघेवाण मागे पडली, हे खरे नुकसान आहे. वूड्सचा स्कॉटी कॅमेरॉन बनावटीचा एक राखीव पटर २०२१मध्ये ३ लाख ९३ हजार डॉलरना गेला. स्पर्धेत तो कधी वापरलाच नव्हता. त्या पटरकडे सांगण्यासारखे नाव आहे, साक्ष काहीच नाही. डिक्सनच्या पटरपेक्षा तो दुपटीहून महाग ठरावा, हे मला पटत नाही.

शेवटचा आक्षेप व्यावहारिक आहे. आजचे खेळाडू वेज झिजले की काही महिन्यांत बदलतात, ग्रिप त्याहून लवकर; मग ‘तो क्लब’ म्हणायचे कशाला? उत्तर असे, की वस्तू जितकी अल्पायुषी, तितकी नोंद तातडीची. होगन हयात होता म्हणून त्याचे वन-आयर्न ओळखले गेले. तेच आयर्न २००० साली सापडले असते, तर विचारायला कोणी उरले नसते. मास्टर्स जिंकणाऱ्याने आपला एक क्लब ऑगस्टा नॅशनलला देण्याची प्रथा आहे. विजय ताजा असतो, खेळाडू समोर असतो आणि क्लब कोणता हे तो स्वतः सांगतो. इतर मोठ्या स्पर्धांनीही हे त्याच आठवड्यात करावे, छायाचित्रांसह करावे, आणि खासगी संग्राहकांनी खरेदीच्या पावतीबरोबर तेवढीच नोंद मागावी. ती नसेल तर भाव कितीही मोहक असला, तरी तो क्लब साध्या जुन्या क्लबच्या किमतीलाच घ्यावा.