वेब सर्व्हर बसवला, पुढे काय?

व्यापारी बंधूंनो, आपल्यातले काही अत्तार, मणियार आणि चामड्याचे कारागीर आता स्वतःच्या वेबसाइटवर माल विकतात. साइट बहुधा ओळखीचा एखादा मुलगा उभी करून देतो, पैसे घेतो आणि नोकरी लागली की दुसऱ्या शहरी निघून जातो. ज्या संगणकावर साइट आहे तो मात्र रात्रंदिवस जगाला उघडा असतो. त्यात ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. ही अमानत आहे. तेव्हा त्या यंत्रात काय बसवले आहे आणि कोठून आणून बसवले आहे, एवढे तरी मालकाला ठाऊक असले पाहिजे.

भाड्याने घेतलेल्या अशा संगणकावर पुष्कळदा डेबियन किंवा उबुंटू ही लिनक्स प्रणाली असते. तेथे माउसचे काम नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचा. (हुकूम रोमन अक्षरांतच द्यावे लागतात, येथे फक्त उच्चार दिले आहेत.) ग्राहकाने मागितलेले पान काढून देणारा प्रोग्राम म्हणजे वेब सर्व्हर. १९९५ सालचा अपाचे आणि २००४ सालचा इंजिनएक्स हे त्यातले दोन नामवंत, आणि दोन्ही फुकट मिळतात.

ते आणण्याचे काम 'ॲप्ट' करतो. त्याला भांडाराचा मुनीम समजा. 'सुडो ॲप्ट अपडेट' म्हटले की तो भांडाराची ताजी यादी आणतो. फक्त यादी; माल जुनाच राहतो. येथे नवखे हमखास फसतात. मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल इंजिनएक्स' म्हणायचे. लागणारे इतर भाग तो स्वतःच गोळा करतो आणि यादीवर भांडाराची मोहोर खरी असेल तरच माल उतरवून घेतो. सर्व्हर लगेच चालूही होतो. सेटिंग बदलल्यास आधी 'इंजिनएक्स' डॅश 'टी' या हुकमाने चूक तपासावी आणि मग 'सिस्टम-सीटीएल रीलोड इंजिनएक्स' द्यावा, म्हणजे चालू गिऱ्हाईक तुटत नाही.

काही हुशार मुले भांडार सोडून मूळ कोड उतरवतात आणि सर्व्हर स्वतः घडवतात. कसब चांगले आहे, पण त्या मालाची नोंद मुनिमाकडे नसते. याची किंमत एप्रिल २०१४ मध्ये कळली. 'हार्टब्लीड' हा दोष वेब सर्व्हरचा नव्हता. सर्व्हर गुप्त दळणवळणासाठी ज्या ओपनएसएसएलचा आधार घेतो, त्यात तो २०१२ पासून होता. बाहेरचा माणूस सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे, प्रसंगी गुप्त किल्लीसुद्धा, काढून नेऊ शके आणि नोंदवहीत त्याचा मागही राहत नसे. ७ एप्रिलला दोष जाहीर झाला आणि त्याच दिवशी डेबियनने दुरुस्त माल भांडारात ठेवला. भांडारातून माल घेणाऱ्यांना 'ॲप्ट अपडेट' आणि 'ॲप्ट अपग्रेड' एवढ्यावर तो मिळाला. ओपनएसएसएलही स्वतः घडवणाऱ्याला ते पुन्हा घडवणे आले, आणि तो मुलगा गाव सोडून गेला असेल तर कोणी घडवायचे?

एक मेख मात्र राहते. दुरुस्ती डिस्कवर उतरली तरी चालू असलेला सर्व्हर जुनीच प्रत घेऊन बसलेला असू शकतो. 'सिस्टम-सीटीएल रीस्टार्ट' दिल्यावरच तो नवी घेतो. हार्टब्लीडच्या वेळी तर गुप्त किल्ल्याही बदलाव्या लागल्या.

रोज हुकूम द्यायला सवड नसेल तर 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज बसवून घ्यावे. सुरक्षेच्या दुरुस्त्या ते आपोआप उतरवते. पण प्रणालीची मुदत पाहत राहावे. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला साधारण पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. त्यानंतर यादीत नवे काही येत नाही आणि साइट तर पहिल्यासारखीच चालते, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही.

आणखी एक, सर्व्हरच्या भाड्याचे खाते आपल्या नावावर आणि आपल्या फोन नंबरवर आहे की त्या मुलाच्या, हे आजच विचारून घ्यावे.