बर्फाला बर्फ का चिकटतो?

लग्नात सरबतासाठी बर्फाची लादी आणायची, पोत्यात गुंडाळून फोडायची आणि तुकडे टबात टाकायचे, हे काम वस्तीतल्या पोरांकडेच असते. घटकाभराने हात घालावा तर तुकड्यांचा पुन्हा एक गठ्ठा झालेला! परवा शेजारच्या सातवीतल्या मुलीने विचारले, "काका, फोडलेला बर्फ परत चिकटतो कसा?" शाळेत तिला 'हे परीक्षेला येत नाही' एवढेच उत्तर मिळाले होते. मी पडलो कॉमर्सचा माणूस, मलाही सांगता येईना. शोधाशोध केली तेव्हा कळले की याच प्रश्नावरून मोठमोठे विद्वान भांडले आहेत.

हा प्रश्न गंभीरपणे हाती घेतला तो मायकेल फॅरडे यांनी. लंडनजवळच्या एका लोहाराचा हा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. १८१३ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस झाला आणि पुढे विजेच्या शोधांनी जगप्रसिद्ध झाला. जून १८५० मध्ये तिथल्याच व्याख्यानात त्यांनी बर्फाचे तुकडे चिकटतात ते दाखवले आणि सांगितले, की बर्फ वितळण्याआधीच त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. दोन तुकडे टेकले की तो थर मध्ये सापडतो, पृष्ठभाग उरत नाही, म्हणून गोठतो.

विद्वानांना हे पटले नाही. जेम्स थॉमसन आणि त्यांचे बंधू विल्यम हे गणितात तरबेज. दाबाने बर्फाचा वितळबिंदू खाली येतो, हे जेम्स यांनी गणिताने मांडले आणि विल्यम यांनी प्रयोगाने सिद्ध केले. तुकडे एकमेकांवर दाबतात, वितळतात आणि दाब सुटताच गोठतात, असे जेम्स यांचे म्हणणे. फॅरडेंना गणित फारसे येत नव्हते. पण त्यांनी पाण्यात बर्फाचे तुकडे असे ठेवले की एकमेकांवर दाब पडूच नये. तरी ते चिकटले! तरीही दाबाचेच उत्तर पुढे कितीतरी वर्षे पुस्तकांत राहिले.

वास्तविक हिशेब साधा आहे. वातावरणाच्या एका पट दाबाने वितळबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही उतरत नाही. साठ किलोचा माणूस बर्फावर एक चौरस सेंटिमीटर पात्यावर उभा राहिला, तरी फरक अर्ध्या अंशाच्या आतच. मग उणे दहा अंशांवर लोक बर्फावरून घसरतात कसे?

उत्तर कणांच्या धरसोडीत आहे. बर्फाच्या आतला पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरून असतो. लोकलच्या गर्दीत मधोमध अडकलेल्या माणसासारखा, हलायला जागाच नाही. दारातल्या माणसाला मात्र एका बाजूला कोणीच नसते. तसे पृष्ठभागावरच्या रेणूंना तीन, काहींना दोनच हात धरायला मिळतात. तापमान वितळबिंदूकडे सरकू लागले की दोन हातांचे रेणू वाढतात आणि ते बर्फाच्या अंगावरून गडगडत, जागा बदलत हिंडतात. आतला बर्फ घट्टच. बाहेरची कातडी मात्र अर्धवट पाण्यासारखी, केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ.

हे फक्त बर्फाचेच नाही. शिसे ३२७ अंशांवर वितळते, पण त्याचा पृष्ठभाग त्याआधीच ढिला होतो, हे १९८५ साली ॲमस्टरडॅमच्या फ्रेंकेन आणि व्हॅन डर वीन यांनी दाखवले.

२०१८ मध्ये ॲमस्टरडॅम आणि जर्मनीतल्या माइन्झच्या संशोधकांनी पोलादी गोळी बर्फावरून सरकवून घर्षण मोजले. उणे शंभर अंशांना बर्फ मुळीच निसरडा नव्हता. सर्वांत निसरडा उणे सात अंशांना. त्याहून उबदार झाला की मऊ पडतो आणि गोळी रुतते. घसरण्याबद्दलचा वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण पृष्ठभागावरचे रेणू सुटे हिंडतात, हे मात्र आता मान्य आहे.

मुलीला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे गोळेवाला किसलेला बर्फ दाबतो, तेव्हा हेच होतं?" होय, हेच. आपल्याकडे बर्फ शून्याच्या जवळपासच असतो, म्हणून गोळा वळतो. कडाक्याच्या थंडीच्या देशात बर्फ पिठासारखा भुरभुरीत पडतो आणि कितीही दाबला तरी हातातून गळून जातो.