बीसीएसला इलेक्ट्रॉनिक्स कशासाठी?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) ही पदवी पुणे, नगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांत बीसीएस याच नावाने ओळखली जाते. बारावी विज्ञान, त्यात गणित हवंच, आणि पुढे तीन वर्षं. प्रवेश घेणाऱ्या बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर कोडिंग असतं. वर्ग सुरू होतात आणि वेळापत्रकात सी प्रोग्रॅमिंगच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक्सचे तास दिसतात. २०१९च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर सायन्स, गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स असे चार विषय होते आणि इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या वर्षातही चालू राहत असे. “आम्हाला सॉफ्टवेअरमध्ये जायचंय, मग डायोड-ट्रान्झिस्टर कशाला?” हा प्रश्न त्यामुळे दरवर्षी नव्याने विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र पहिल्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकात मिळत नाही. दोन साध्या आयसींचा माग तीन वर्षं काढत गेलं, तर ते हाती लागतं.

त्या आयसी म्हणजे ७४०८ आणि ७४८६. दोन्ही चौदा पायांच्या. सातव्या पायाला ग्राउंड आणि चौदाव्याला पाच व्होल्ट द्यायचे. ७४०८मध्ये चार अँड गेट असतात. अँड गेटच्या दोन्ही इनपुटना १ मिळाला तरच आउटपुट १. ७४८६मध्ये चार एक्स-ऑर गेट असतात. इथे दोन्ही इनपुट वेगवेगळे असले तर १, सारखे असले तर ०. आता एक बिट आणि दुसरा बिट यांची बेरीज करायची आहे. ० अधिक ० म्हणजे ०, ० अधिक १ म्हणजे १, आणि १ अधिक १ म्हणजे बायनरीत १०, म्हणजेच शून्य लिहायचं आणि हातचा एक. उत्तराचा अंक एक्स-ऑर देतो, हातचा अँड देतो. याला हाफ ॲडर म्हणतात. आधीचा हातचाही सामावून घ्यायचा असेल तर दोन हाफ ॲडर आणि एक ऑर गेट जोडून फुल ॲडर करतात. असे आठ फुल ॲडर ओळीने लावले, एकाचा हातचा पुढच्याला दिला, की आठ बिटांच्या संख्यांची बेरीज करणारं यंत्र तयार. दुसरीतली हातच्याची बेरीज आपण ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने, उजवीकडून डावीकडे, ते ती करतं.

फळ्यावर हे सोपं दिसतं, ब्रेडबोर्डवर नाही, आणि खरं शिक्षण तिथेच होतं. समजा, एका इनपुटला ग्राउंडची वायर लावायची राहून गेली. विद्यार्थ्याची अपेक्षा अशी की काहीच जोडलं नाही म्हणजे शून्य. पण टीटीएल जातीच्या आयसीत मोकळं सुटलेलं इनपुट १ असल्यासारखं वागतं. एलईडी भलतीच पेटते. मुलं आयसी बदलतात, सप्लाय तपासतात, शेजारच्या गटाची जोडणी बघतात. शेवटी मल्टिमीटर लावला की दिसतं की त्या पायावर शून्यही नाही आणि पाचही नाही, मधलंच काहीतरी व्होल्टेज आहे. शून्य आणि एक या गोष्टी तारेत नसतातच हे इथे पहिल्यांदा कळतं. तारेत असतं ते व्होल्टेज. टीटीएलचा करार असा की ०.८ व्होल्टच्या आत आलं तर त्याला शून्य मानायचं, २च्या वर असलं तर एक मानायचं, आणि मधल्या पट्ट्याबद्दल कुणी हमी द्यायची नाही. पाठवणाऱ्या गेटवर नियम जास्त कडक असतो. त्याने शून्य ०.४च्या खाली द्यायचं आणि एक २.४च्या वर. दोन्ही बाजूंना सुटलेलं हे ०.४ व्होल्टचं अंतर वाटेत होणाऱ्या गोंगाटासाठी राखलेलं असतं.

माझ्या मते या पदवीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. बिट हा आपण ठरवून घेतलेला अर्थ आहे, आणि तो वाटेत बिघडू शकतो. पुढच्या दोन वर्षांत हा बिघाड सावरण्याच्या युक्त्या शिकायच्या असतात.

दुसऱ्या वर्षी मायक्रोकंट्रोलर हातात येतो. आर्डुइनो उनोचं उदाहरण घेऊ. त्यावरची एटीमेगा ३२८पी ही चिप आठ बिटांची आहे आणि तिच्याकडे काम करायला दोन किलोबाइट रॅम असते. सीमधला इंट प्रकार इथे सोळा बिटांचा. आठ बिटांची चिप सोळा बिटांची बेरीज दोन हप्त्यांत करते. आधी खालचे आठ बिट, मग वरचे आठ, आणि पहिल्या हप्त्याचा हातचा कॅरी फ्लॅग नावाच्या एका बिटात जपून ठेवते. ब्रेडबोर्डवर एका गेटमधून दुसऱ्यात नेलेली वायर ती हीच.

आता एक छोटा प्रोग्रॅम लिहा. चिप चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे सांगणारं फंक्शन आर्डुइनोत तयारच आहे. त्याची किंमत इंट चलात साठवायची आणि पडद्यावर छापत राहायचं. आकडे वाढत जातात, सगळं सुरळीत. बत्तीस सेकंद उलटून पाऊण सेकंद झाला की ३२,७६७नंतर पडद्यावर उणे ३२,७६८ येतं. प्रोग्रॅममध्ये वजाबाकी कुठेच नाही! झालंय ते एवढंच, की हातचा सरकत सरकत सोळाव्या बिटात शिरला, आणि इंटमध्ये तो बिट चिन्हासाठी राखलेला असतो. ज्याने फुल ॲडर हाताने जोडलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याने जोडलेला नाही तो ‘मोठा प्रकार वापरायचा’ हा नियम पाठ करतो, आणि पाठ केलेला नियम ऐन वेळी आठवतोच असं नाही.

डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हे विषय याच सुमारास येतात. त्यांची महती सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी तिकडे वळत नाही. कॉम्प्युटर नेटवर्क्सकडे मात्र थांबायला हवं, कारण आपल्या दोन आयसी तिथे पुन्हा भेटतात.

समजा, महाविद्यालयाच्या लॅबमधल्या एका संगणकाचा आयपी पत्ता १९२.१६८.१०.७७ आहे आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१९२. या संगणकाला दुसऱ्या कुणाला काही पाठवायचंय. पहिला प्रश्न असा की तो दुसरा याच जाळ्यात आहे की बाहेर? जाळ्यात असेल तर थेट द्यायचं, बाहेर असेल तर गेटवेकडे सोपवायचं. हे ठरवायला संगणक स्वतःचा पत्ता आणि मास्क यांचं बिटागणिक अँड करतो. मास्कमधल्या २५५मुळे पहिले तीन आकडे आहेत तसेच राहतात, म्हणून शेवटचाच पाहू. ७७ म्हणजे ०१००११०१, १९२ म्हणजे ११००००००. अँड केल्यावर उरतं ०१००००००, म्हणजे ६४. याचं जाळं ६४चं. आता समोरच्याचा पत्ता १०च्याच रांगेत १३० असेल, तर १३० म्हणजे १००००‌०१०. मास्कशी अँड केल्यावर १०००००००, म्हणजे १२८. ६४ आणि १२८ जुळत नाहीत, तेव्हा पॅकेट गेटवेकडे. ६४च्या जाळ्यात ६४ ते १२७ असे चौसष्ट पत्ते येतात. पहिला जाळ्याच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणून संगणकांना बासष्ट उरतात. सबनेटिंगची गणितं परीक्षेत मुलांना जड जातात. ती सूत्रं म्हणून घोकली तर जडच आहेत. ७४०८च्या नजरेने पाहिली तर प्रत्येक गणित आठ छोट्या प्रश्नांचं असतं, दोन्हीकडे १ आहे का?

७४८६ची गोष्ट याहून सुरस आहे. तारेत बिट बिघडू शकतो हे ब्रेडबोर्डवर पाहिलं. मग पलीकडच्याला कसं कळावं, की आलेलं पत्र धड आहे? सर्वांत साधा उपाय पॅरिटी. सगळे बिट एकमेकांशी एक्स-ऑर करायचे आणि येणारा एक बिट सोबत पाठवायचा. एक बिट उलटला तर लगेच कळतं, दोन उलटले तर कळत नाही. म्हणून नेटवर्कमध्ये सीआरसी वापरतात. हा एक भागाकार आहे, पण त्यातली वजाबाकी उसनं न घेता होते, म्हणजे एक्स-ऑरने. पाठवायचं आहे ११०१ आणि ठरलेला भाजक १०११. ११०१पुढे तीन शून्यं जोडून भागायला घ्या. ११०१ आणि १०११ यांचं एक्स-ऑर ०११०. पुढचं शून्य खाली उतरवलं की ११००. पुन्हा १०११शी एक्स-ऑर, आलं ०१११. शून्य उतरवून १११०, एक्स-ऑर करून ०१०१. शेवटचं शून्य उतरवून १०१०, एक्स-ऑर करून ०००१. बाकी उरली ००१. ती तीन शून्यांच्या जागी बसवून ११०१००१ पाठवायचं. घेणारा त्याच भाजकाने भागतो. बाकी शून्य आली तर ठीक, नाही तर वाटेत काहीतरी बिघडलं. इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमच्या शेपटीला अशीच चार बाइटची बाकी जोडलेली असते. बाकी जुळली नाही तर फ्रेम टाकून दिली जाते, कुणाला न कळवता. पोच आली नाही हे पाहून पुन्हा पाठवायचं काम वरच्या पातळीवरच्या टीसीपीचं. इलेक्ट्रॉनिक्सने चूक होऊ शकते हे मान्य केलं, नेटवर्कने ती पकडायची आणि निस्तरायची व्यवस्था लावली, आणि ब्राउझर लिहिणाऱ्याला शब्दशः बरोबर मजकूर मिळाला.

इलेक्ट्रॉनिक्स, नेटवर्क आणि प्रोग्रॅमिंग हे तिन्ही विषय एकत्र आल्यावर काय उभं राहतं याचं मोठं उदाहरण पुण्यातच आहे. ऐंशीच्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर वापरले होते. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या चिपमध्येच दिलेल्या. एकट्या प्रोसेसरचा वेग बेताचाच होता. अनेकांना जाळ्यात गुंफून काम वाटून देण्यात त्या यंत्राची ताकद होती. चिप समजणारा, जाळं समजणारा आणि समांतर प्रोग्रॅम लिहिणारा, हे तिघे एकमेकांची भाषा बोलू शकले नसते तर ते जमलं नसतं.

प्रवेशाच्या वेळी इतर वाटाही समोर असतात, त्यांचं थोडक्यात. अभियांत्रिकी चार वर्षांची, एमएचटी-सीईटीतून. तिथे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला सर्किट आणि सिग्नलची खोली जास्त, कॉम्प्युटरला अल्गोरिदमची. बीसीएला कोडिंग आणि व्यवहारातल्या प्रणालींवर भर असतो, आणि २०२४पासून त्यासाठीही राज्याची वेगळी सीईटी आहे. ज्याला गणित आवडतं, सर्किटला हात लावायची भीती नाही आणि पुढे एम.एस्सी. किंवा एमसीए करायचं आहे, त्याला बीसीएस मानवते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमांची रचना बदलली आहे. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि मुख्य विषयासोबत पूरक विषय निवडायची मोकळीक. तेव्हा प्रवेशाआधी महाविद्यालयात जाऊन दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. इलेक्ट्रॉनिक्स इथे घेता येतं का, किती सत्रं? प्रॅक्टिकलच्या एका किटवर किती मुलं असतात? नेटवर्कच्या लॅबमध्ये खरे स्विच आणि केबल हाताळायला मिळतात, की पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरवरच भागवतात? पॅकेट ट्रेसर उत्तम साधन आहे, पण त्यातली केबल कधी सैल होत नाही. शक्य असेल तर प्रॅक्टिकल चालू असताना लॅबमध्ये डोकवा. जोडणी आधीच करून ठेवलेली असेल आणि मुलं फक्त रीडिंग उतरवून घेत असतील, तर दुसरं महाविद्यालय बघितलेलं बरं.